आत्याबाईंचं घड्याळ

मागच्या वर्षी एप्रिल सरता सरता मुलाने पुण्याहून तीन तापमापक पाठवले. तळहाताएवढी गोल तबकडी, लाल काटा, मागे खिळ्याला अडकवायला भोक. "आई, शाळेत विज्ञान शिकवतेस ना, मग घरात मोज की. कोणती खोली किती तापते ते कळलं म्हणजे एसी कुठे बसवायचा ते ठरवू," एवढंच त्याचं म्हणणं. मी घराच्या तीन भागांत तीन खिळे ठोकले. कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे भिंतीवर काहीही टांगलं तरी पहिले चार दिवस कोणी बोलत नाही, कॅलेंडर समजून सोडून देतात.

पाचव्या दिवशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जुन्या खोलीतून तापमापक हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अगं, हे घड्याळ बंद पडलंय. चार दिवस झाले बघतेय मी, काटा काही हलंना. पोराला म्हणावं, दुकानदारानं फसवलं तुला. बदलून घे."

मी बघितलं. काटा बत्तीसवर होता. बाहेर अंगणात त्या वेळी बेचाळीस असतील. घड्याळ चांगलं चालू होतं. खोलीच अशी होती की काट्याला हलायचं कारण पडत नव्हतं.

कनेरगाव नाका हे नावच हद्दीचं आहे. वाशिमकडून हिंगोलीला येताना पैनगंगा ओलांडली की विदर्भ मागे पडतो आणि आमचं गाव लागतं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे वऱ्हाड. निजामाच्या हद्दीवर मालाची करोडगिरी भरावी लागे, नाका हा शब्द त्याच काळाचा, असं जुनी माणसं सांगतात. पुढे संस्थान गेलं, करोडगिरी गेली, १९५६ साली दोन्ही काठ एकाच राज्यात आले आणि नाका तेवढा नावात राहिला. माझं माहेर नदीपलीकडचं. लग्न होऊन आले तेव्हा अंतर जेमतेम एका एसटीचं, पण पहिले सहा महिने मी दुभाषाशिवाय राहिल्यासारखी राहिले. आमच्याकडे घरावर 'टिनं' असतात, इथे 'पत्रे'. आमच्याकडे जनावरांना 'कुटार' टाकतात, इथे 'भुसकट'. मी 'टिनं तापली' म्हटलं की नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. तापायचं मात्र दोन्हीकडे सारखंच.

आता घराविषयी. आमचं घर एका माणसाने एका वेळी बांधलेलं नाही. ते तीन पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि आपापल्या भीतीप्रमाणे जोडत नेलं आहे. सगळ्यात जुनं म्हणजे आजेसासऱ्यांचं माळवद. सागाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पाला आणि त्यावर हातभर मातीचा थर. सगळ्यात वर पांढरीची माती, कारण ती पाणी धरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वर चढून ती चोपून घ्यायची, भेगा बुजवायच्या, उगवलेलं गवत उपटायचं. भिंती दोन हात रुंद. त्यांत कोनाडे, आणि एका अंगाला धान्याचं बळद. छताला वरून उजेड यायला एक भोक आहे, त्याला इथे साणं म्हणतात. उन्हाचा एक कवडसा त्यातून उतरतो आणि दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत जातो. आत्याबाईंचं खरं घड्याळ ते. कवडसा उखळापाशी आला की जेवायची वेळ. उखळ जाऊन वीस वर्षं झाली, पण जागेला अजून उखळच म्हणतात.

हे माळवद पूर्वी चौपट होतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं यांखाली हजारो माणसं झोपेतच गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण भीती मराठवाडाभर पसरली. ज्या छताखाली चार पिढ्या गार झोपल्या, त्याच्याकडे लोक रात्री डोळे उघडे ठेवून बघू लागले. मामंजींनी दुसऱ्याच वर्षी बरंचसं माळवद उतरवलं आणि त्या जागी पत्रे टाकले. पत्रा पडला तरी जीव घेत नाही, हा त्यांचा हिशोब. त्या पत्र्यांखाली स्वयंपाकघर आलं. दोन खणांची जुनी खोली तेवढी ठेवली. वडिलांचा साग विकवेना.

तिसरा भाग आमच्या ह्यांचा, २०११ चा. सिमेंटच्या विटा, पाच इंचांचा स्लॅब, खाली पांढऱ्या फरश्या, समोर लोखंडी जाळीची गॅलरी. पाहुणे त्याच खोलीत बसवायचे, असा घरातला नियम. पाहुणे मेमध्ये का येत नाहीत, हे आम्हाला बरीच वर्षं कळलं नाही.

तीन तापमापकांनी तीन छतांचे स्वभाव आठवडाभरात उघडे केले. पत्रा रोखीचा व्यवहार करतो. वर ऊन पडलं की खाली लगेच चुकतं करतो, आणि सूर्य मावळला की खातं बंद, रात्री नऊला गारही होतो. स्लॅब उधारीवाला. दुपारचं ऊन घेऊन ठेवतो आणि तुम्ही विसरलात असं वाटलं की संध्याकाळी सातपासून परत करायला लागतो, ते पहाटेपर्यंत. रात्री दहाला स्लॅबच्या खोलीत काटा अडतीसवर आणि बाहेर अंगणात तीसवर, असं मी स्वतः पाहिलंय. पंखा लावला की तो छताची गरम हवा ढकलून अंगावर आणतो. पैसे खर्चून घेतलेली लू. माळवद मात्र सगळ्यांत धीराचं. मातीच्या थरातून दुपारचं ऊन खाली पोचता पोचता रात्र होते, रात्रीचा गारवा वरून लागतो आणि ते ऊन अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतं. ते तसंच हिवाळ्यातही. जानेवारीत आमच्या भागात पहाटेचा पारा आठ-नऊवर उतरतो, तेव्हा पत्र्याखाली दात वाजतात आणि माळवदात वाकळ पायाशी गोळा झालेली असते.

आता घरभर एकसारखं तापमान ठेवायचं म्हणजे काय करायचं? शहाणी माणसं यंत्रं लावतात. आमच्याकडे यंत्र नव्हतं, बाज होती. मामंजींची बाज हेच आमच्या घरातलं तापमान नियंत्रण. सकाळी अंगणात निंबाखाली. नऊला ऊन पायाशी आलं की ओसरीवर. अकराला माळवदात, थेट साण्याच्या बाजूला, कारण गरम हवा वर जाऊन त्या भोकातून बाहेर पडते आणि दारातून नवी हवा आत ओढली जाते. हे विज्ञान मी नववीला शिकवते. मामंजींना ते चौथी पास होऊन माहीत आहे. पाचला बाज परत ओसरीवर, आठला अंगणात, आणि पहाटे चारला गार वाटायला लागलं की बाजेसकट माणूस पुन्हा आत. खोल्यांचं तापमान सारखं करायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही, माणूसच सारखा फिरवला. नवीन आलेली सून म्हणून मला पहिल्या उन्हाळ्यात वाटलं होतं की या माणसाला झोपेचा काही आजार असावा.

मग कूलर आला. कूलर आल्यावर घरात एक वाद आला, तो अजून मिटलेला नाही. मामंजींचं मत, कूलर लावला की खिडक्या-दारं घट्ट लावा, नाहीतर थंड हवा फुकट बाहेर जाते. मी सांगत आले की कूलरची थंडी म्हणजे पाण्याची वाफ. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला पाचशे चाळीस कॅलरीच्या वर उष्णता लागते. ती गवताच्या ताटीतून येणाऱ्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. हाच माठाचा हिशोब. पण ती ओली हवा बाहेर जायला वाट ठेवली नाही तर खोलीत दमटपणा साचतो, पुढची वाफ होत नाही आणि कूलर नुसता पाणी शिंपडणारा पंखा होतो. समोरची खिडकी उघडी पाहिजे. हे मी नवविवाहित असताना सांगितलं, तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई शिकलेली आहे." आता सांगते, तेव्हा म्हणतात, "शिकवायची सवय जात नाही." खिडकी तेव्हाही बंदच होती आणि आजही बंद आहे. दुपारी दोनला मी गुपचूप उघडते, अडीचला ती लागलेली असते. मृगाचा पाऊस आला की हवा आधीच ओली होते, कूलर काहीच करत नाही आणि आम्ही दोघंही बरोबर ठरतो.

शिवाय पाणी. ऐन मेमध्ये, नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असताना, कूलरला दिवसाला पाच-सहा बादल्या लागतात. आत्याबाई त्या बादल्या मोजतात. "म्हशीपेक्षा जास्त पिते ही पेटी, अन् दूध थेंबभर नाही," हा त्यांचा अहवाल.

नणंदेचा मुलगा कॅनडात कॅलगरीला असतो. घड्याळाचा किस्सा त्याला फोनवर सांगितला तेव्हा वाटलं, हसेल. तो गंभीर झाला. "मामी, आमच्याकडे तोच प्रॉब्लेम आहे," म्हणाला. त्याच्या घरात तळघरात भट्टी आहे, तिथून पत्र्याच्या नळ्यांतून गरम हवा खोल्याखोल्यांत जाते. पण वरच्या मजल्यावरची झोपायची खोली भाजते आणि खालच्या बैठकीत पाय गारठतात, कारण गरम हवा जिन्याने वर जाते आणि नियंत्रक बसवलाय फक्त मधल्या मजल्यावरच्या भिंतीवर. तो भिंतीपुरतंच बघतो, भिंत खूश तर घर खूश. मग त्याने जमिनीतल्या जाळ्या काही अर्ध्या झाकल्या, काही उघड्या ठेवल्या, नळ्यांमधल्या झडपा फिरवल्या, प्रत्येक खोलीत फोनला जोडलेले छोटे तापमापक चिकटवले. खर्च बराच झाला. बायको तरीही बैठकीत स्वेटर घालून बसते आणि वरच्या खोलीत खिडकी उघडते, बाहेर उणे वीस असताना. आत्याबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी फक्त एकच विचारलं, "घरात भट्टी? लोहार आहेत का ते?"

तो जो भिंतीवरचा नियंत्रक, त्याची गोष्ट मात्र मला आवडते, कारण ती शाळेतून निघालेली आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी वॉरेन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक होते. थंडीत शाळेचा शिपाई वर्गावर्गात येऊन गार वाटतंय की गरम हे बघायचा आणि मग खाली तळघरात जाऊन झडपा हलवायचा. तासात दर थोड्या वेळाने हा आत. जॉन्सन वैतागले आणि त्यांनी विजेवर चालणारं असं उपकरण केलं की खोली गार झाली की तळघरात घंटी वाजावी. १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. आमच्याकडेही शिपाई तास चालू असताना आत येतो, सूचनेची वही घेऊन. सगळ्या शिक्षकांना गार वाटतंय का, हे विचारणारी सूचना माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही आली नाही.

दुसरे एक गृहस्थ डेन्मार्कचे, फँगर नावाचे. १९७० साली त्यांनी माणसाला बरं वाटायचं गणित मांडलं. हवा किती गरम, भिंती-छत किती गरम, वारा किती, दमटपणा किती, अंगावर कपडे किती आणि माणूस काम काय करतोय, या सगळ्यांतून एक आकडा काढायचा. त्यांचा निष्कर्ष असा की सगळं अगदी नेमकं जुळवलं तरी खोलीतल्या शंभरातल्या पाच माणसांना बरं वाटणारच नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या घरावर बसवून बघितलं. आम्ही घरात पाच जण, मामंजी, आत्याबाई, हे, मी आणि बारावीतली मुलगी. पाचाचे पाच टक्के म्हणजे पाव माणूस. फक्त पाव माणूस नाराज असलेलं घर मला आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दाखवा.

मुलाने फोनवर एसीचा विषय पुन्हा काढला. २०२० पासून विकले जाणारे खोलीचे एसी सुरू केल्यावर चोवीस अंशांवरच लागतात, तसा सरकारी नियम आहे, आणि एक अंश वर ठेवला की सहा टक्के वीज वाचते, असं त्याने सांगितलं. मामंजी म्हणाले, "चोवीस? ती तर डिसेंबरची दुपार झाली. मेमध्ये डिसेंबर आणला तर डिसेंबरमध्ये काय करायचं?" एसीचा विषय तिथे संपला. मलाही फारसं वाईट वाटलं नाही. स्लॅबच्या खोलीत एसी लावायचा म्हणजे रात्रभर वरून उधारी वसूल करणाऱ्याशी खालून पैसे देऊन भांडायचं. आधी उधारीच होऊ नये हे बघायला नको का?

म्हणून मी स्लॅबवर चुना मारून घ्यायचं ठरवलं. पूर्वी आमचा कारभार ज्या हैदराबादेहून चालायचा, तिथल्या तेलंगणा सरकारने २०२३ साली गच्च्या पांढऱ्या, थंड ठेवायचं धोरणच काढलंय. मला धोरण लागलं नाही, दोन गोण्या चुना, थोडा डिंक आणि एक कुंचा लागला. ह्यांनी गच्चीवर उभं राहून सगळ्या गल्लीला दिसेल असा पोटरीपर्यंत चुना लावून घेतला. स्लॅबला त्यातून उरलेला लागला. तरी रात्री दहाचा काटा अडतीसवरून पस्तिशीवर आला. मुलीने वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट. पुण्यातून शाबासकी आली. ह्यांच्या पोटऱ्या आठवडाभर गार होत्या.

एवढं सगळं मांडून झाल्यावर माळवद किती गुणाचं, मातीचं घर किती शहाणं, असं लिहून हात धुवून घ्यायचा मोह होतो. मासिकांतून तसं पुष्कळ छापून येतं, आणि ते लिहिणारी माणसं बहुधा फ्लॅटमध्ये राहतात. माळवदाला पाझर फुटला की पावसाळाभर भांडी मांडावी लागतात. साण्यातून मांजर पडतं, एकदा धामण पडली होती. पांढरीची माती आणून चोपून देणारी माणसं आता मिळत नाहीत. आणि १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमाराला आमच्या जिल्ह्यात भूकंपाचा हादरा बसला, साडेचार रिश्टरचा, तेव्हा घरातल्या सगळ्यात सुखाच्या खोलीतून सगळ्यात आधी पळाले ते मामंजी. वय चौऱ्याऐंशी. बाज तिथेच राहिली. अंगणात उभे राहून ते माळवदाकडे बघत होते, ते मला विसरता येत नाही. ज्या छताला बापाने जीव लावला त्याची भीती वाटतेय, हे त्यांना सुनेसमोर लपवायचं होतं. जरा वेळाने म्हणाले, "तुळई हलली नाही, बघ," आणि तरीही दुपारपर्यंत आत गेले नाहीत.

(याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला चाळीस किलोंचे आरसे, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल मोजायची. तिथे आतलं तापमानही कडक शिस्तीत ठेवावं लागणार. आमचे हे म्हणतात, ते लोक तिथे एवढं मोजणार आणि आपण घड्याळ बंद पडलं म्हणून परत पाठवतोय.)

तर आत्याबाईंना पटवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यांना दुसरं घड्याळ दाखवावं म्हणून मी भर दुपारी स्वयंपाकघरात नेलं. बाहेर त्रेचाळीस होतं. पत्र्याखालचा काटा सेहेचाळिसाच्या अलीकडे होता आणि गॅस बंद होता. दोन वाजले होते, म्हणजे आमचं जेवण उरकून तास झालेला. आत्याबाई काट्यापुढे उभ्या राहिल्या. मग हात वर करून पत्र्याच्या खाली धरला, जसा तवा तापला का ते बघायला धरतात तसा. फँगरसाहेबांच्या गणितात हवेइतकंच छताला महत्त्व का आहे, हे त्या तळहाताला कळलं असणार. हवा सेहेचाळीस सांगते, पण डोक्यावरचा पत्रा त्याहून कितीतरी तापलेला असतो आणि तो थेट डोक्यावर फेकत असतो. चूल पेटलेली असली तर खालून वेगळं.

"इथं किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"आणि तुझ्या मामंजींच्या बाजेपाशी?"

"बत्तीस. तेहेतीस धरा."

त्या काही बोलल्या नाहीत. १९९४ ला पत्रे पडल्यापासून मी येईपर्यंत त्यांनी आणि नंतर त्यांनी आणि मी मिळून, त्याच जागी उभं राहून भाकरी थापल्या होत्या. मेमध्ये, दुपारी बाराला, जेवणारा माणूस बत्तीसमध्ये बसलेला आणि थापणारी सेहेचाळीसमध्ये उभी. मध्ये फक्त एक उंबरा. चौदा अंशांचा माल रोज या उंबऱ्यावरून जायचा, पण कुणी कधी नाक्यावर थांबवून विचारलं नाही. मी विज्ञानाची शिक्षिका. शाळेच्या वर्गात पंखा नाही म्हणून अर्ज केलेत, स्लॅबला चुना मारला, कूलरच्या खिडकीवरून सासऱ्यांशी पंचवीस वर्षं वाद घातला, आणि तिसरा तापमापक स्वयंपाकघरात लावला तोसुद्धा दोन खोल्या झाल्यावर एक उरला म्हणून. तिथला आकडा मी वहीत लिहीतही नव्हते. एसी कुठे लावायचा या चर्चेत स्वयंपाकघराचं नाव कोणी घेतलं नव्हतं, मीही नाही.

संध्याकाळी आत्याबाईंनी मामंजींना बोलावलं. "चला, घड्याळ बघायला चला." मामंजी उंबऱ्यापर्यंत आले. "उद्या दुपारी बाराला बाज इथं आणायची," त्या म्हणाल्या. "एक दिवस. काटा चालतो की नाही ते बघू." मामंजी हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. बाज काही आणली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी रिक्षात बसून हिंगोलीला गेले आणि पत्र्याच्या खाली लावायला थर्माकोलचे जाड ताव आणि भिंतीत बसवायला हवा बाहेर फेकणारा पंखा घेऊन आले. थर्माकोल आगीजवळ नको म्हणून मी ते परत पाठवले. मग पत्र्यावर तुराट्यांचे भारे पसरले, वर दगड ठेवले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. पंखा बसला. आणि आत्याबाईंनी सगळ्यात सोपी गोष्ट केली, जी तीस वर्षांत कोणाला सुचली नव्हती. गॅसची शेगडी आणि सिलिंडर त्यांनी मे संपेपर्यंत ओसरीच्या कोपऱ्यात आणून ठेवला, निंबाच्या सावलीत, आडोशाला जुना पलंग उभा करून. मामंजींची बाज अंगणात सकाळी जिथे असते, त्याच्या बरोबर समोर. भाकरी होताना त्यांना धूर लागतो, तक्रार करतात. तक्रार ऐकून घेतली जाते.

काटा सेहेचाळीसचा चाळीशीपर्यंत आला, एवढंच. घरभर एकसारखं तापमान अजून झालेलं नाही. स्लॅबला पुढच्या पावसाने काळं शेवाळ धरलं, चुना परत मारायचाय. कूलरची खिडकी बंदच आहे.

यंदा उन्हाळ्यात या बाजूला आलात तर नक्की या. महामार्गावरून उतरलं की कोणीही घर दाखवेल, पांढऱ्या गच्चीचं विचारा. बसायला माळवदात जागा आहे. फक्त दुपारी बारा ते चारमध्ये चहा मागू नका. शेगडी बंद असते आणि घड्याळ आता आत्याबाईंनी ओसरीवरून दिसेल असं स्वयंपाकघराच्या दारातच लावलंय.